मराठवाड्यातून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याचा मार्ग: बारावीपासून आरडीपर्यंत

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, परभणीकडचे पालक मुलामुलींना घेऊन भेटायला येतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: एमबीबीएसला नंबर लागत नाही, तर डायटिशियनचा कोर्स कुठे करावा आणि त्याचे लायसन्स कोण देते? या प्रश्नात दोन समजुती दडलेल्या आहेत. आहारतज्ज्ञ होण्यासाठी एखादा एकच कोर्स असतो, ही पहिली. आणि तो संपला की वकिलाच्या सनदेसारखा एखादा कागद आपोआप हाती पडतो, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या असल्यामुळे अनेक मुले सहा महिन्यांची प्रमाणपत्रे घेऊन बसतात आणि पुढे रुग्णालयात अर्ज करताना त्यांना पहिल्यांदा कळते की आपला रस्ता पायथ्यापासूनच वेगळा होता. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच घडले. तिने एका खासगी संस्थेत मोठी फी भरून ‘सर्टिफाइड डायटिशियन’ अशी पाटी लावण्याजोगे प्रमाणपत्र मिळवले. परंतु आरडीच्या परीक्षेसाठी अर्ज करायला गेल्यावर त्या प्रमाणपत्राचा काहीही उपयोग नसल्याचे तिला समजले आणि तिला पदव्युत्तर शिक्षणापासून नव्याने सुरुवात करावी लागली. तो वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून हा मार्ग क्रमाने मांडत आहे.

आरडी आणि कायदेशीर नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी

आरडी म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन. भारतात हे पद इंडियन डायटेटिक असोसिएशन, म्हणजेच आयडीए, ही १९६३ पासून काम करणारी व्यावसायिक संघटना देते. तिचे नोंदणी मंडळ परीक्षा घेते आणि उत्तीर्ण उमेदवाराला नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक सरकारने दिलेला परवाना नाही. मात्र गेली अनेक वर्षे मोठी रुग्णालये आहारतज्ज्ञाची पात्रता याच मापाने मोजत आली आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘आरडीला प्राधान्य’ हे शब्द नेहमी दिसतात.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी वैधानिक परिषदा फार पूर्वीपासून आहेत, पण आहारतज्ज्ञांसाठी तशी परिषद नव्हती. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम मंजूर केला आणि ही उणीव भरून काढण्यास प्रारंभ झाला. या कायद्याच्या परिशिष्टात दहा गटांत छप्पन्न व्यवसाय नोंदलेले असून त्यांत पोषणशास्त्र व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे. आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे दोन्ही त्या गटात येतात. केंद्रीय आयोगाने शिक्षणाचे निकष ठरवावेत आणि राज्य परिषदांनी व्यावसायिकांची नोंदवही ठेवावी, अशी या कायद्याची रचना आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी किमान ३,६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तीन महिन्यांचे किंवा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि हे तास यांची तुलना एकदा करून पाहिली, तरी कोणत्या दारात जाऊ नये हे ध्यानात येते.

म्हणून आज बारावीत असलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही गोष्टी नजरेसमोर ठेवून शिक्षण निवडावे: जी पदवी आरडीच्या परीक्षेला बसू देईल आणि जी राज्य परिषदेच्या नोंदवहीतही मान्य होईल, तीच पदवी घ्यावी. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला लेखी विचारावे की हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि तो या आयोगाच्या निकषांनुसार आहे का. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

बारावी आणि पदवी

बारावी विज्ञान शाखेतून, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण होणे हा सर्वांत सुरक्षित पाया आहे. आहारशास्त्र म्हणजे पाककलेचा विस्तार, असे समजून अनेक जण येतात आणि दुसऱ्याच सत्रात जीवरसायनशास्त्राने गोंधळून जातात. यकृतात ग्लुकोज कसे साठते, मूत्रपिंड पोटॅशियम कसे बाहेर टाकते, इन्सुलिन नसताना चरबीपासून कीटोन का तयार होतात, हे समजल्याशिवाय मधुमेही रुग्णाच्या ताटाबद्दल बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

मराठवाड्यातच राहून शिकायचे असेल तर परभणीचा विचार आधी करावा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय तेथे आहे. जुनी माणसे त्याला अजूनही ‘होम सायन्स कॉलेज’ म्हणतात. तेथील पदवी चार वर्षांची असून प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सामुदायिक विज्ञान ही व्यापक पदवी असून तिच्यात अन्न व पोषण या विषयाबरोबर मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण हेही विषय असतात. त्यामुळे या पदवीवर थांबून आहारतज्ज्ञ होता येत नाही. पुढे अन्न व पोषण विषयातच एम. एस्सी. करावी लागते. परंतु गावपातळीवर काम करण्याची, अंगणवाडीत बसून माहिती गोळा करण्याची आणि शेतातल्या पिकापासून ताटापर्यंतचा विचार करण्याची जी सवय ही पदवी लावते, ती शहरातल्या कित्येक महाविद्यालयांत लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी संलग्न काही महाविद्यालयांत गृहविज्ञान शिकवले जाते. येथे जपून पाऊल टाकावे. कला शाखेतील गृहविज्ञान आणि विज्ञान शाखेतील अन्न-पोषण या पदव्यांची नावे सारखी वाटली, तरी पुढच्या प्रवेशात त्यांचे वजन सारखे नसते. कला शाखेतील पदवीवर एम. एस्सी.चा मार्ग अनेक ठिकाणी बंद होतो, आणि हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

खर्चाबद्दलही बोलायला हवे, कारण आपल्याकडे शिक्षण अनेकदा तिथेच अडते. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात निकालाच्या आधीच, मे महिन्यातच, अर्ज द्यावा. जूनमध्ये तिथली रांग फार लांबते.

पदव्युत्तर शिक्षण

आरडीकडे जाणारा खरा उंबरठा हाच आहे. एक रस्ता दोन वर्षांच्या एम. एस्सी.चा आणि दुसरा आहारशास्त्रातील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेचा. तीन वर्षांची पदवी, एक वर्षाची पदविका आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप असा हिशेब केला तर बारावीनंतर साडेचार वर्षांत परीक्षेपर्यंत पोहोचता येते. चार वर्षांची पदवी आणि एम. एस्सी. केली तर साडेसहा वर्षे लागतात. घरची ओढाताण असेल तर पदविका हा अप्रतिष्ठेचा मार्ग नाही. तथापि पुढे अध्यापन, संशोधन किंवा मोठ्या रुग्णालयातील विभागप्रमुखपद मनात असेल तर एम. एस्सी.च करावी.

परभणीत अन्न व पोषण विषयात एम. एस्सी. करता येते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचे जुहू येथील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय या जुन्या आणि रुग्णालयांशी चांगले संबंध असलेल्या संस्था आहेत. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी हैदराबादचाही विचार करावा, कारण नांदेड-परभणीहून तेथे रेल्वेने जाणे मुंबईपेक्षा सोपे पडते आणि राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे एनआयएन, तेथेच आहे. या संस्थेचा उगम १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी उघडलेल्या एका छोट्या केंद्रात झाला आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. तेथे उपयोजित पोषण आणि क्रीडा पोषण या विषयांत एम. एस्सी. आहे. ज्याला रुग्णालयापेक्षा समाजातील कुपोषणावर काम करायचे आहे, त्याच्यासाठी उपयोजित पोषणाचा अभ्यासक्रम विशेष उपयुक्त आहे.

दूरशिक्षणाबद्दल ठामपणे सांगतो ते ऐकावे. नोकरी किंवा संसार सांभाळून घरबसल्या पदवी घेण्याची सोय अनेकांना, विशेषतः लग्न झालेल्या मुलींना, मोठा आधार वाटत असे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स यांसह आरोग्यसेवेशी संबंधित विषयांतील दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे प्रवेश बंद केले आहेत. त्यामुळे यापुढे कोणी ‘ऑनलाइन एम. एस्सी. डायटेटिक्स’ची जाहिरात दाखवली तर पैसे भरू नयेत. रुग्णाच्या शेजारी उभे न राहता हा विषय शिकता येत नाही, हे या निर्णयामागचे कारण मला पटते. मात्र ज्या मुलींचा एकमेव मार्ग त्यामुळे बंद झाला, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित अभ्यासक्रम आणि वसतिगृहे वाढली पाहिजेत, हेही तितकेच खरे आहे.

इंटर्नशिप: सहा महिने वॉर्डात

पदव्युत्तर शिक्षणाबरोबर रुग्णालयातील सहा महिन्यांची इंटर्नशिप आरडीसाठी आवश्यक असते. ती अनेक विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात आणि अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी. ज्यांच्या हाताखाली शिकणार त्या स्वतः आरडी आहेत का, हे रुजू होण्यापूर्वी विचारणे उद्धटपणाचे नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी रुग्णालये आहेत. संभाजीनगर आणि लातूर येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. शासकीय रुग्णालयात रुग्णांची विविधता अफाट असते, तर खासगी रुग्णालयात नोंदी ठेवण्याची शिस्त अधिक कडक असते. शक्य असेल तर सहा महिन्यांची विभागणी करून दोन्हींचा अनुभव घ्यावा, आणि अशी विभागणी परीक्षेसाठी चालेल याची आधी खात्री करून घ्यावी.

पहिले काही दिवस स्वयंपाकघरात घालवावेत. तीनशे रुग्णांची डाळ कशी मोजतात, मीठ कमी असलेले जेवण वेगळे कसे शिजवतात, ट्रॉलीवरचा डबा चुकीच्या खाटेजवळ जाऊ नये म्हणून काय करतात, हे सारे तिथे कळते. मग वॉर्ड. प्रत्येक रुग्णाबाबत चार टप्प्यांत विचार करण्याची सवय लावून घ्यावी: आधी पोषणाची तपासणी, मग पोषणविषयक निदान, नंतर आहाराची योजना आणि शेवटी तिच्या परिणामाची देखरेख. तपासणीत वजन, उंची, रक्ताचे अहवाल आणि गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले याची विचारणा येते. ही शेवटची विचारणा वाटते तितकी सोपी नाही. ‘जेवण बरोबर आहे का?’ असे विचारले तर ‘हो’ असेच उत्तर येते. ‘पहाटे उठल्यावर तोंडात पहिली गोष्ट काय पडली?’ असे विचारले तर चहा किती कप, त्यात साखर किती, भाकरी ज्वारीची की बाजरीची, कालवण डाळीचे की नुसते येसराचे, असा सारा दिवस उलगडत जातो. वाटी आणि भाकरी सोबत ठेवून मापे विचारावीत, कारण औसा तालुक्यातली भाकरी आणि संभाजीनगरातल्या फ्लॅटमधली भाकरी यांच्या पिठात मोठा फरक असतो.

डायलिसिस विभागातील एक प्रसंग मला आजही मार्ग दाखवतो. एक वयस्कर शेतकरी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येत असत. त्यांचे हातपाय वाळत चालले होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घसरत होते. सुनेशी निवांत बोलल्यावर कळले की आजार पहिल्यांदा सापडला तेव्हा ‘डाळ कमी करा’ असे सांगितले गेले होते, आणि ती माउली डायलिसिस सुरू झाल्यानंतरही आठ महिने त्यांना डाळीचा थेंब देत नव्हती. मूत्रपिंड निकामी होत असताना, डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, प्रथिने मर्यादित ठेवतात. परंतु डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात आणि साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅमपर्यंत न्यावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत शरीरातून अमिनो आम्ले वाहून जातात. सूनबाईंची चूक नव्हती. उपचार बदलला तेव्हा ताटही बदलले पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की पोटॅशियम कमी होते, आणि अशक्तपणासाठी म्हणून दिलेले नारळपाणी त्यातल्या पोटॅशियममुळे अशा रुग्णाच्या हृदयाला धोका पोहोचवू शकते, हेही त्यांना त्याच दिवशी समजावले.

जिल्हा रुग्णालयांतील पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, निदान दोन आठवडे काम करण्याची परवानगी मिळवावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित समजतात. अशा तीव्र कुपोषित बाळाला पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घालण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो. म्हणून आधी एफ-७५ हे १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी देणारे दूध थोडे थोडे दिले जाते आणि प्रकृती स्थिरावल्यावर एफ-१०० दिले जाते. मराठवाड्याला या कामाचा वारसा आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथूनच सुरू झाले. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील कुटुंबांची मुले दिवाळीनंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात अंगणवाडीचा आहार तुटतो आणि वजन घसरते. हे ज्याने एकदा आपल्या हाताने तराजूवर पाहिले आहे, तो आहारतज्ज्ञ म्हणून कायमचा बदलतो.

इंटर्नशिपची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी. रुग्णाचे नाव न लिहिता वय, निदान, तपासण्या, दिलेला आहार, त्यामागचा हिशेब आणि आठवड्यानंतरचा परिणाम अशी प्रत्येक नोंद करावी. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची व अखेरची तारीख, फिरलेले विभाग आणि देखरेख करणाऱ्या आहारतज्ज्ञाची सही व नोंदणी क्रमांक असल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.

परीक्षेची तयारी

अर्ज करताना पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रके, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि आयडीएचे सभासदत्व लागते. सभासदत्व विद्यार्थिदशेतच घेतलेले बरे, कारण त्यामुळे संघटनेच्या व्याख्यानांना आणि परिषदांना जाता येते. पात्रतेच्या अटी आणि शुल्क दर वेळी आयडीएच्या अधिकृत माहितीपत्रकातूनच वाचावे, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून ठरवू नये.

अभ्यासाचा आवाका मोठा आहे: शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पोषणशास्त्र, अन्नविज्ञान, अन्न सूक्ष्मजीवशास्त्र, आजारांतील आहारोपचार, सार्वजनिक आरोग्यातील पोषण, भोजनव्यवस्थापन आणि संशोधनपद्धती. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संज्ञांची धास्ती वाटते. त्यांनी एका वहीत संज्ञा आणि तिचा आपल्या भाषेतील अर्थ समोरासमोर लिहीत जावे. वर्षभरात ती वही स्वतःचा शब्दकोश होते आणि पुढे रुग्णाशी बोलतानाही कामी येते.

तीन आधारग्रंथ नेहमी टेबलावर असावेत. एनआयएनचे २०१७ चे भारतीय अन्न-घटक कोष्टक, ज्यात ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे. आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये सुधारलेली पोषकद्रव्यांची दैनंदिन गरज. आणि मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीयांसाठीची सतरा आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे. या कोष्टकांतील आकडे पाठ करण्यापेक्षा ते आपल्या ताटावर लावून पाहावेत. उदाहरणार्थ, ६० किलो वजनाच्या निरोगी प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज दर किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली तर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात. प्रत्येकी ७० ग्रॅम पिठाच्या तीन भाकरींतून २१ ग्रॅम, मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलेल्या ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांतून १८ ग्रॅमच्या आसपास आणि ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून १० ग्रॅम, अशी बेरीज ५० च्या जवळ जाते. आता यातून दूध वगळा आणि डाळीऐवजी पातळ येसराची आमटी ठेवा. निम्म्याहून अधिक आधार निसटतो. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते तुरीच्या वरणात भरपूर असते, त्यामुळे भाकरीला डाळ हवी हे केवळ चवीचे म्हणणे नाही. असे दहा हिशेब स्वतः केले की प्रश्नपत्रिकेतील आकडेमोड अवघड वाटत नाही.

लोहाचे उदाहरणही असेच सोडवून पाहावे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईला ही मोठी गरज कशी भागवता येईल? तांदुळजा, बाजरी, मटकी, जेवताना लिंबाची फोड आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबणीवर टाकणे, या क्रमाने उत्तर लिहिता आले तर विषय समजला असे मानावे. गोळ्यांची गरज आहे का, हे मात्र डॉक्टर ठरवतील.

राज्य परिषदेकडील नोंदणी

आरडी झाल्यावर कायदेशीर नोंदणीचा विषय संपत नाही. २०२१ च्या कायद्यानुसार राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव घालण्यासाठी मूळ पदव्या, विद्यापीठाची गुणपत्रके, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातील नावबदलाची नोंद आधीच करून घ्यावी. प्रत्येक कागदावर वेगळे नाव असेल तर अर्ज अडकतो. परदेशात जाण्याचा विचार असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की भारतातील आरडी तिकडे आपोआप चालत नाही. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या नोंदणी परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य आहे.

नोकरी आणि स्वतःचा दवाखाना

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत आहारतज्ज्ञाची पदे असतात, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जिल्हा परिषद व जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर कंत्राटी पदांच्या जाहिराती निघतात. कंत्राटी नोकरीत वेतन कमी आणि भवितव्य अनिश्चित असते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही एनआरसीतील एका वर्षात जे शिकायला मिळते ते अन्यत्र मिळत नाही. खासगी क्षेत्रात एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना दाखल रुग्णांच्या पोषणाची तपासणी व आहारोपचार यांची व्यवस्था दाखवावी लागते, त्यामुळे तेथे प्रशिक्षित आहारतज्ज्ञांची गरज वाढते आहे.

स्वतंत्र व्यवसाय निदान दोन वर्षांच्या रुग्णालयीन अनुभवानंतरच सुरू करावा. पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहावा, पीएच. डी. नसताना नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. औषधे लिहून देऊ नयेत आणि चालू असलेली औषधे बंद करण्यास कधीही सांगू नये. ‘मधुमेह मुळापासून बरा’ किंवा ‘लठ्ठपणा हमखास गायब’ अशा जाहिराती १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतात, कारण मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही त्या कायद्याच्या यादीत आहेत. प्रोटीन पावडर किंवा तत्सम पूरक आहार विकायचा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. माझा सल्ला असा आहे की विक्री करूच नये. ज्या डब्यावर आपला नफा आहे तो डबा रुग्णाला खरोखर हवा आहे का, हे निरपेक्षपणे ठरवणे फार कठीण जाते.

मराठवाड्यात काम करणाऱ्याला रुग्णाचे वर्षभराचे जेवण ठाऊक असले पाहिजे. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारी मधुमेही स्त्री इन्सुलिन घेत असेल तर साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाणे आणि ताक यांची वेळेनुसार मांडणी तिला घटस्थापनेच्या आधी करून द्यावी लागते आणि औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी लागते. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांसाठी सहरी आणि इफ्तार यांची योजना तशीच महिनाभर आधी सुरू होते. तांड्यावरच्या रुग्णाशी बोलताना गोरमाटीतील चार शब्द आले तर तो मोकळेपणाने सांगतो. ज्वारी साखर वाढवत नाही या समजुतीने एका जेवणात चार भाकरी खाणारे मधुमेही रोज भेटतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, हे त्यांना रागावून नव्हे, तर भाकरीचे चार भाग करून ताटात ठेवून दाखवावे लागते.

आरडीची नोंदणी ठरावीक मुदतीने नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी परिषदा, कार्यशाळा व व्याख्याने यांतील सहभागाचे पुरावे उपयोगी पडतात. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात एक वेगळी फाइल उघडावी, प्रत्येक सहभागाचे प्रमाणपत्र त्याच दिवशी तीत लावावे, आणि नूतनीकरणाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.